अकरावं नाव

शिळा शुक्रवारीच धक्क्यावर उभी राहिली. क्रेनवाला गेला, निळी ताडपत्री आवळून झाली आणि डेलिया मल्केरिननं दोरीची गाठ स्वतः ओढून पाहिली. आयर्लंडमधल्या ट्रॉबॉन गावच्या समुद्रानं दीडशे वर्षांत घेतलेली एकोणीस माणसं, त्यांची नावं आणि सालं. रविवारी देवळात मिस्सेची प्रार्थना झाल्यावर फादर ती उघडणार होते. तीन वर्षं डेलियानं यासाठी फोन केले, दारं ठोठावली, दोघातिघांशी वाकडं घेतलं. पस्तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला त्याचं काही वाटत नव्हतं.

शनिवारी दुपारी ती नेहमीसारखी थोरल्या भावाकडे, कोलमनकडे, जेवायला आली. कोट काढायच्या आधीच तिनं कार्यक्रमाचा कागद टेबलावर ठेवला.

"फादर प्रार्थना म्हणतील, मग मी नावं वाचेन. प्रत्येक नावाला त्या घरचा एक माणूस पुढे येऊन फूल ठेवेल. आपल्याकडून तू, कोलमन. नवा सदरा घाल. तो बाह्या झिजलेला नको."

"सदऱ्याला काय झालंय?" कोलमन म्हणाला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यभर गॉलवेची बस चालवलेला. घाई अशी कशाची करायचीच नाही.

फिडेल्मानं ताटं मांडली. खारवलेलं मांस, कोबी, सालासकट उकडलेले बटाटे. ती कोलमनची सून. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, तरी गावात अजून माहेरावरून 'कॅव्हनची' म्हणूनच ओळखली जायची. शिळेवरच्या नावांची शहानिशा करायचं काम डेलियानंच तिच्यावर टाकलं होतं. "तू दिवसभर औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचतेस," ती म्हणाली होती, "तुलाच जमेल ते."

आणि तिला जमलं होतं. सगळा हिवाळा ती लॅपटॉप घेऊन चुलीशेजारी बसली. सरकारी वेबसाइटवर मृत्यूच्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं, जनगणनेचे जुने फॉर्म, गावच्या कोर्टाच्या वह्या. नावाची पाच-पाच स्पेलिंगं घालून पाहायची, वय दोन वर्षं मागेपुढे करायचं, शेजारचं घर कुठलं ते ताडून पाहायचं. दोन माणसांची सालं चुकीची निघाली, ती डेलियानं खुशीनं दुरुस्त करून घेतली. आणि बार्टली फोलनच्या नावापुढे, १९६१ सालच्या नोंदीत, फिडेल्माला 'न्यूमोनिया, गॉलवेचं हॉस्पिटल' असं सापडलं. तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. पुढचं डेलियानं केलं. शिळा समुद्रानं नेलेल्यांची आहे, हॉस्पिटलात गेलेल्यांची नाही, असं तिनं बार्टलीच्या मुलीला, नॅनला, तोंडावर सांगितलं. होडी उलटल्यावर बार्टली दोन तास थंड पाण्यात होता, लोकांनी ओढून काढला आणि अकराव्या दिवशी गेला, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. नॅन तेव्हापासून डेलियाशी बोलत नव्हती.

हे फिडेल्माला खात होतं. आणि नऊ दिवसांपूर्वी तिला जे दिसलं, ते तर तिनं आठवडाभर कोणालाच सांगितलं नव्हतं. गुरुवारी तिनं नवऱ्याला, मॅकडाराला, सांगितलं. "सोमवारपर्यंत थांब," तो म्हणाला होता. "एवढे दिवस थांबलीस, आणखी चार दिवस."

ताटं निम्मी संपली तेव्हा तिनं सुरी-काटा खाली ठेवला.

"आत्या, अकराव्या नावाबद्दल बोलायचंय."

मॅकडारानं मान वर केली नाही. पण त्याचं चावणं थांबलं.

"अकरावं तर आपलंच," डेलिया म्हणाली. "फेस्टी आजोबा. त्याचं काय?"

"त्यांच्या मृत्यूची नोंद नाही."

"नसणारच. तीन फेब्रुवारी १९०९ ला करख होडी खडकांवर उपडी सापडली, माणूस सापडला नाही. शव नसलं तर नोंद होत नाही. हे तूच मला शिकवलंस."

"म्हणूनच मी पुढे शोधलं नव्हतं. आणखी दोघांचीही तशीच नाही. पण मागच्या आठवड्यात सहज त्या दोघांच्या बायका १९११ च्या जनगणनेत पाहिल्या. दोघींच्या पुढे 'विधवा' आहे. मग फेस्टी आजोबांच्या बायकोचा, सबिना आजींचा, फॉर्म उघडला." तिनं शेजारच्या खुर्चीवरचा लॅपटॉप उचलून डेलियापुढे ठेवला. "त्यांच्यापुढे 'विवाहित' आहे."

"फॉर्म गोळा करणाऱ्या पोलीस शिपायानं चुकून लिहिलं असेल," मॅकडारा म्हणाला.

"शिपायाची पेन्सिल इथे आहे, हे प्रश्नचिन्ह. त्यानं विचारलं असेल आणि सोडून दिलं असेल. बाकी सगळं शाईत आहे. लग्नाला वर्षं किती, हा रकाना फक्त नवरा असलेल्या बाईनं भरायचा असतो. त्यांनी भरलाय. नऊ. मुलं झाली तीन, हयात तीन."

डेलियानं चष्मा नाकावर सरकवला. ती फॉर्मकडे बघत राहिली, पण तिला आकडे दिसतच नव्हते. तिला दिसत होता तो सहीतला 'एस'. खालचं शेपूट डावीकडे लांब ओढलेलं, बैलाच्या वेसणीसारखं. शाळेत जायच्या आधी हे अक्षर ती पाटीवर गिरवायला शिकली होती. शिकवणारा हात आजीचाच होता, आणि शेपूट आखूड राहिलं तर तो हात पाटी पुसून परत पुढे ठेवायचा.

"बाई दुःखात होती," ती शेवटी म्हणाली. "दोन वर्षं झाली होती फक्त. तिच्यानं 'विधवा' लिहवलं नाही. एवढंच आहे हे."

"मलाही आधी तसंच वाटलं."

"मग झालं तर. बंद कर."

"आत्या, मी बोटीच्या याद्या पाहिल्या. बोस्टन, दोन मार्च १९०९. फेस्टस मल्केरिन, वय बत्तीस, मजूर."

"या किनाऱ्यावर फेस्टस मल्केरिन चार तरी सापडतील," मॅकडारा म्हणाला. "दगड फेकला तर दोघांना लागेल."

"त्या यादीत विचारलेलं असतं, मायदेशी जवळचं कोण. त्यानं सांगितलंय, पत्नी सबिना, ट्रॉबॉन, गॉलवे." फिडेल्मा नवऱ्याकडे वळली. "तुझ्या चार फेस्टींपैकी किती जणांच्या बायका सबिना होत्या?"

मॅकडारानं काटा बटाट्यात खुपसला.

डेलियाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना या आवाजाची धास्ती होती. "फिडेल्मा, मी तुला काम दिलं ते नावं पक्की करायला. आमची माणसं खोदून काढायला नाही. तुझे लोक नाहीत हे. सबिना आजीनं अठ्ठेचाळीस वर्षं काळे कपडे घातले. तू तिला पाहिलेलं नाहीस."

फिडेल्माच्या गालावर लाली चढली, पण ती मागे सरली नाही. "बार्टली फोलनही माझे नव्हते, आत्या. त्यांची नोंद काढली तेव्हा तुम्ही मला शाबासकी दिलीत."

कोलमननं बटाट्याचं साल सोललं, लोणी लावलं, मीठ भुरभुरलं. मग म्हणाला, "पुढे वाच, पोरी."

"बाबा, राहू दे ना आत्ता," मॅकडारा म्हणाला.

"तुला नाही सांगितलं. तिला सांगितलं."

फिडेल्मानं वाचलं. जानेवारी १९०९ ची कोर्टाची वही: जमीनदाराच्या कारभाऱ्याला गुरं हाकताना मारहाण केली म्हणून फेस्टस मल्केरिनवर समन्स, आरोपी गैरहजर. १९१० ची अमेरिकेतली जनगणना: पोर्टलंड शहर, गोदीतला हमाल, भाड्याच्या खोलीत आणखी पाच जणांबरोबर. सप्टेंबर १९१८, लष्करभरतीचं कार्ड: वय एक्केचाळीस, जवळचं माणूस, पत्नी सबिना, आयर्लंड.

"म्हणजे नऊ वर्षांनीही तेच नाव सांगतोय," कोलमन म्हणाला.

"तेच. दुसरं लग्न नाही, दुसरं कुटुंब नाही. मी खूप शोधलं."

"आणि मेला कधी?"

"त्यानंतर महिन्याभरात. इन्फ्लुएंझा. अकरा ऑक्टोबर १९१८."

कोलमननं हातातला बटाटा खाली ठेवला.

तो बारा वर्षांचा होता तेव्हा दर ऑक्टोबरात, दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सातच्या मिस्सेला तो फादरांच्या मागे घंटा घेऊन उभा राहायचा. देवळात पाच-सहा बायका असायच्या आणि पहिल्या बाकावर आजी. फेस्टीच्या नावानं मिस्सा व्हायची ती तेव्हा. होडी फेब्रुवारीत बुडाली आणि मिस्सा ऑक्टोबरात का, असं त्यानं एकदा विचारलं होतं. फेब्रुवारीत रस्ते वाईट असतात, ती म्हणाली होती. घरापासून देऊळ तीनशे पावलांवर होतं. त्या वेळी त्याला ते खटकलं नाही. आज सत्तर वर्षांनी, जेवणाच्या ताटावर, त्याला ती तीनशे पावलं मोजता येत होती.

"डेलिया," तो म्हणाला, "आजोबांची मिस्सा कधी असायची?"

डेलियानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती तेव्हा लहान होती, पण तितकी लहान नव्हती.

"तिला कळलं होतं," कोलमन म्हणाला. "तो जिवंत आहे हेही, आणि गेला तो दिवसही. आजी गरज पडली तर तोंडी खोटं बोलायची. लिहायची मात्र नाही. सरकारी कागदावरसुद्धा नाही." त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. जणू कोणी तरी खूप लांबून आलेला निरोप त्याच्या हातात ठेवला होता, आणि तो निरोप शाबूत पोचला होता. "माझ्या बापाला मात्र सांगायला हवं होतं तिनं. तो आयुष्यभर समुद्राकडे पाठ करून बसायचा."

"आता काय करायचं?" मॅकडारा म्हणाला. गुरुवारपासून तो बायकोच्या बाजूनं होता, निदान तसं तिला वाटत होतं. आता तो आत्याकडे सरकून बसला. "हे बघा, उद्या दोनशे माणसं येणार. रेडिओवाले येणार. ग्रॅनाइट आहे ते, खडू नाही पुसायला. सगळं होऊन जाऊ दे, सोमवारी शांतपणे बघू. आत्याचं नाक कापायचं आणि त्यातून मिळवायचं काय?"

"सोमवारी कोणी काही बघत नसतं," कोलमन म्हणाला.

"मॅकडारा बरोबर बोलतोय," डेलिया म्हणाली. "शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. कोणाला त्रास होतोय तिचा?"

"नॅन फोलनला."

"तो वेगळा विषय आहे."

"तोच विषय आहे. तू तिला काय सांगितलंस? कागद बोलतो, मी नाही. तुझेच शब्द, तिनं दुकानात सगळ्यांना ऐकवलेत. आता कागद आपल्याविषयी बोललाय." कोलमननं पाण्याचा पेला उचलला, प्यायला, ठेवला. "मी उद्या फूल ठेवणार नाही. तो बुडाला नाही तर मी कशाला ठेवू? सदरा मात्र नवा घालेन, तुझ्यासाठी."

फिडेल्मानं सासऱ्याकडे पाहिलं. हे ऐकून म्हातारा कोलमडेल या भीतीनं तिनं नऊ रात्री नीट झोप घेतली नव्हती. आणि सगळ्या घरात तोच एकटा खुर्चीत ऐसपैस बसला होता.

डेलिया उठली. कोट घातला, बटणं खालपासून वरपर्यंत लावली. सफरचंदाचा केक फिडेल्मानं तेवढ्यात बाहेर काढला होता. "मला नको," ती म्हणाली आणि कार्यक्रमाचा कागद पर्समध्ये घालून निघून गेली.

"कुठे चालली ती?" मॅकडारानं विचारलं.

"मोठी आहे ती," कोलमन म्हणाला. "केक दे."

*

नॅन फोलन फाटकाला हिरवा रंग देत होती. डेलियाची गाडी थांबली, दार उघडलं, लागलं, तरी तिनं ब्रश थांबवला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची काटक बाई. दोघी एका शाळेत होत्या, एका बाकावर कधीच नाही.

"नॅन, मला बोलायचंय."

"बोल. कान रिकामे आहेत."

गाडीत डेलियानं वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना, म्हणून तिनं सरळ सांगून टाकलं. "फेस्टी मल्केरिन बुडाले नाहीत. अमेरिकेत गेले. तिथे मेले. कागद सापडले आहेत. मी तुझ्या वडिलांना ज्या नियमानं बाहेर ठेवलं, त्याच नियमानं आमचं नाव तिथे बसत नाही. मी चुकले. उद्या सगळ्यांपुढे सांगणार आहे, पण तुला आधी सांगायला आले."

ब्रश वरपासून खालपर्यंत आला, मग डब्यात गेला.

"बुडाले नाहीत ते मला माहीत आहे," नॅन म्हणाली.

डेलियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तीन रात्री आमच्या पीटच्या, जळणाच्या मातीच्या, खोपटात होते तुझे आजोबा. माझा आजा, मर्टी फोलन, त्यानं पहाटे त्यांची करख नेऊन खडकावर उपडी केली आणि गळ्याएवढ्या पाण्यातून चालत परत आला. आठवडाभर तापानं फणफणला होता. पोलीस चौकशीला आले तर माझ्या आजीनं सांगितलं, त्याला दारू जास्त झाली." नॅननं हात फडक्याला पुसले. "पत्रं आमच्या पत्त्यावर यायची. तुझी आजी दूध न्यायला म्हणून यायची, चुलीपाशी उभ्यानं वाचायची आणि तिथेच जाळायची. १९१४ च्या शरदात ती पोरं घेऊन जाणार होती. पेटी बांधून झाली होती. युद्ध लागलं."

"तुला कोणी सांगितलं?"

"आईनं. तिला आजीनं."

वाऱ्यानं कपड्यांच्या दोरीवरची चादर फडकत होती. डेलिया फाटकाचा आधार घ्यायला गेली आणि ओल्या रंगाकडे पाहून हात मागे घेतला.

"मी तुझ्या वडिलांचं नाव खोडलं तेव्हा तू इथेच होतीस," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर फेकता आलं असतं हे. एका वाक्याचं काम होतं."

"होतं."

"मग का नाही?"

"बोलले असते तर तू घाबरून नाव लिहिलं असतंस. बापाचं नाव असं मिळवायचं?" नॅननं मान हलवली. "आणि सबिनाला शब्द दिला होता आमच्या घरानं. तुझा राग आला म्हणून तिचा शब्द कशाला मोडू? ती माझ्याशी कधी वाईट वागली नव्हती. तू वागलीस."

"हो," डेलिया म्हणाली. "वागले."

एवढं साधं 'हो' डेलिया मल्केरिनच्या तोंडून या गावात कोणी ऐकलं नव्हतं. नॅनही जरा चपापली. तिनं रंगाच्या डब्याचं झाकण शोधलं, टाचेनं दाबून बसवलं.

"आत ये," ती म्हणाली. "उभ्यानं किती बोलशील. आणि बाबांची तारीख नीट लिहून घे, तुमच्या त्या कॉम्प्युटरात महिना बरोबर असेल, पण पाण्यात पडले तो दिवस कोणी लिहिलेला नाही."

*

रविवारी वारा दक्षिणेचा होता आणि धक्क्यावर माणूस मावत नव्हतं. फादरांनी ताडपत्री काढली. डेलियानं नावं वाचायला सुरुवात केली, एकेका नावाला घरचा माणूस येऊन फूल ठेवून गेला. दहा झाली. मॅकडारानं बायकोचा हात धरला. शनिवारच्या जेवणानंतर पहिल्यांदाच.

"अकरावं नाव फेस्टस मल्केरिन," डेलिया म्हणाली. "माझे आजोबा. ते बुडाले नाहीत. कैद टाळायला ते अमेरिकेत गेले, नऊ वर्षं गोदीत राबले, आणि तापानं गेले. आमच्या फिडेल्मानं हे कागदोपत्री शोधून काढलं. त्यांना वाचवताना ज्या माणसानं स्वतःचा जीव पाण्यात घातला, तो मर्टी फोलन होता. आमचं नाव या महिन्यात शिळेवरून निघेल. त्या जागी मर्टीच्या मुलाचं नाव येईल, जे मी अन्यायानं बाहेर ठेवलं. नॅन, तू वाच."

गर्दीत कुजबुज उठली आणि विरली. कोणी तरी मागून टाळी वाजवायला लागलं, मग थांबलं, कारण नॅन पुढे आली होती. तिच्या हातात कागद नव्हता.

"बार्टली फोलन," ती म्हणाली. "नऊ मार्च १९६१ ला पाण्यात पडला. माझा बाप."

तिनं फूल ठेवलं. परत फिरताना ती डेलियापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "फेस्टीचं राहू दे की तिथेच. खाली जागा आहे, बाबांचं खाली कोरा. त्यालाही समुद्रानंच नेलं, जरा लांबून."

डेलियानं क्षणभर विचार केला. खरंच केला.

"नाही," ती म्हणाली. "नियम तो नियम."

"मास्तरीण ती मास्तरीणच," नॅन म्हणाली, आणि तिच्या शेजारी उभी राहून पुढची नावं ऐकू लागली.